वेग नवा, ब्रेक जुना : सेकंडहँड कॅलिपरचा सौदा करण्यापूर्वी

यवतमाळ : नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, म्हणजेच जुन्या लोकांचा 'सात नंबर', जिल्ह्यातील करंजी, पांढरकवडा आणि पाटणबोरी ओलांडून तेलंगणात शिरतो. दुसऱ्या दिशेला धामणगाव रेल्वे गाठले, की समृद्धी महामार्ग लागतो. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला असून, त्यावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा आहे. जिल्ह्यातील तरुण मोटारमालकांना वेगवान गाड्यांची ओढ लागावी, याचे एक कारण या रस्त्यांत दडलेले आहे. गाडीची ताकद वाढली की ब्रेकचा विचार मनात येतो आणि नव्या कॅलिपरची किंमत ऐकली की जुन्या मालाचा.

यवतमाळ, वणी किंवा पुसदच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात ट्रॅक्टर, जीप आणि मालमोटारींचा माल अधिक. वणी परिसरात कोळशाची वाहतूक मोठी, त्यामुळे तेथील गॅरेजमध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या ड्रम ब्रेकचे जाणते मिस्त्री भेटतात. वेगवान मोटारीचे कॅलिपर मात्र बाहेरूनच मागवावे लागतात. मुंबईतील कुर्ला आणि चोरबाजार, दिल्लीतील मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट, कोलकात्यातील मलिक बझार ही या व्यवसायाची परिचित ठिकाणे. व्यवहार मोबाईलवरील छायाचित्रे पाहून होतो, पैसे आधी जातात आणि माल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पोत्यात गुंडाळून येतो. बैलबाजारात दात मोजल्याशिवाय दाव्याला हात न लावणारा वऱ्हाडी माणूस येथे मात्र लाल रंगावर भाळतो, हे नवलच म्हणावे लागेल.

कॅलिपर काय करतो?

चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला डिस्क म्हणतात. या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पायाने पेडल दाबले, की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो, तो नळ्यांमधून कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि त्यातील पिस्टन पॅडला डिस्कवर रेटतो. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु या यंत्रणेचे खरे नाव झाले ते १९५३ मध्ये. त्या वर्षी जॅग्वारच्या सी-टाइप मोटारीने डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवून फ्रान्समधील 'ल मां' येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम ब्रेक तापून निकामी होऊ लागले, तरी जॅग्वारचे चालक वळणाच्या अगदी जवळ जाऊन वेग कमी करू शकत होते.

यातील मुख्य शब्द 'तापून' हा आहे. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करीत नाही, त्याची उष्णता करतो. बाराशे किलो वजनाची मोटार ताशी १२० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेत २० अंशांवरचे सुमारे दोन लिटर पाणी उकळायला लागेल. आणि हे केवळ एकदा थांबताना. वेग शंभरावरून एकशेवीसवर नेला, तर वाढ दिसायला २० टक्के. पण ब्रेकवरचा भार ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना पुसदकडील डोंगराळ रस्त्यांवर लागोपाठ ब्रेक लावत उतरणाऱ्या गाडीची कल्पना यावरून करता येईल.

कॅलिपर मुख्यत्वे दोन प्रकारचे. बहुतेक मोटारींना सरकता कॅलिपर असतो. त्यात एकच पिस्टन एका बाजूने दाबतो आणि संपूर्ण सांगाडा दोन पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतो. दुसरा स्थिर कॅलिपर. त्यात दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टन असतात, एकूण चार किंवा सहा. शर्यतीच्या आणि महागड्या मोटारींना हाच असतो. १९६१ मध्ये इटलीतील बेर्गामो परिसरात स्थापन झालेल्या आणि १९७५ मध्ये फेरारीबरोबर फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या ब्रेम्बो कंपनीचे नाव याच प्रकाराशी जोडले गेले आहे. पुण्याजवळील चाकण येथे या कंपनीचा दुचाकींच्या ब्रेकचा कारखानाही आहे.

चार पिस्टन म्हणजे चौपट पकड नव्हे

जुन्या बाजारात सर्वाधिक फसगत होते ती येथे. स्थिर कॅलिपरची पकड मोजताना एकाच बाजूच्या पिस्टनचे क्षेत्रफळ धरतात. समोरची बाजू तेवढाच प्रतिरोध देते. म्हणजे ३८ मिलिमीटर व्यासाचे चार पिस्टन असतील, तर एका बाजूच्या दोन पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २२.७ चौरस सेंटिमीटर भरते. ५४ मिलिमीटरच्या एकाच पिस्टनच्या साध्या सरकत्या कॅलिपरचे क्षेत्रफळ २२.९ आहे. पकड जवळजवळ सारखीच! स्थिर कॅलिपरचे लाभ वेगळे आहेत : सांगाडा कमी वाकतो, मोठ्या पॅडवर दाब समान पसरतो आणि उष्णता अधिक पेलते. हे लाभ शर्यतीत किंवा घाटात जाणवतात. शहरातील दत्त चौकातून बसस्थानकापर्यंत जाताना ते जाणवण्याचे कारण नाही.

उलट, पिस्टन मोठा घेतला तर दुसरा प्रश्न उभा राहतो. ५४ मिलिमीटरऐवजी ५७ मिलिमीटरचा पिस्टन बसवला, तर तेवढेच अंतर सरकण्यासाठी ११ टक्के अधिक ऑइल लागते. मास्टर सिलिंडर मात्र जुनाच असतो. परिणामी पेडल अधिक खाली जाते. शिवाय पुढच्या चाकांची पकड वाढते आणि मागच्यांची तशीच राहते, त्यामुळे कारखान्याने ठरवलेला पुढचा-मागचा तोल ढळतो. एबीएस यंत्रणेची आकडेमोडही मूळ मापांवर बेतलेली असते.

आणखी एक कटू सत्य असे, की एका जोरदार ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल, हे बहुतांशी टायरची रस्त्यावरील पकड ठरवते. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी ताशी १२० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ७० मीटर घेते. चालकाच्या प्रतिक्रियेत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी ३३ मीटर. मूळ ब्रेक जर चाक लॉक होण्याच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे एबीएस थरथरेपर्यंत, दाबता येत असतील, तर मोठा कॅलिपर हे अंतर फारसे कमी करीत नाही. त्याचा उपयोग दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वेळी थांबताना होतो. ज्यांचे टायर गुळगुळीत झाले आहेत आणि ब्रेक ऑइल चार वर्षांत बदललेले नाही, त्यांनी कॅलिपरवर पैसे घालणे म्हणजे गळक्या छपराच्या घराला झुंबर लावण्यासारखे आहे. चांगले पॅड, ताजे ऑइल आणि उत्तम टायर यांनीच अनेकांची तक्रार दूर होते.

मापे जुळतात का?

चाकण येथील कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही २०१३ मध्ये आलेली मोटार मराठी मुलखातील वेगप्रेमींची लाडकी. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तरी रस्त्यावर या गाड्या पुष्कळ आहेत. त्याच समूहाच्या स्कोडा ऑक्टाव्हियासारख्या मोठ्या मोटारींचे कॅलिपर पोलोला बसवण्याचा प्रयोग अनेक जण करतात. या समूहात पुढच्या चाकांसाठी २८८ आणि ३१२ मिलिमीटर व्यासाच्या डिस्क प्रचलित आहेत. ३१२ मिलिमीटरची डिस्क साधारणतः १६ इंची चाकातच मावते; १५ इंची चाके असतील तर कॅलिपरबरोबर चाके आणि टायरही बदलावे लागतात. कंपनी एक असली म्हणून चाकाच्या नकलवरील बोल्टच्या छिद्रांतील अंतर एकच असते, असेही नाही. मध्ये स्थानिक लेथवर कातलेली पट्टी घालून बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. चाकाचा संपूर्ण रोध त्या पट्टीच्या दोन बोल्टांवर येतो.

म्हणून माल मागवण्यापूर्वी तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात : तो कोणत्या मोटारीचा, कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या इंजिनाचा आहे. कॅलिपरच्या अंगावर ओतीव क्रमांक असतो, त्याचे स्वच्छ छायाचित्र मागावे आणि तो क्रमांक कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीशी ताडून पाहावा. कॅलिपर ज्यावर बसतो तो ब्रॅकेट जोडीबरोबर मिळणार की नाही, हेही विचारावे. ब्रॅकेटविना आलेला स्वस्त कॅलिपर नंतर महागात पडतो.

हातात आल्यावर काय पाहावे?

पहिली तपासणी डाव्या-उजव्याची. हवा काढण्याचा निपल गाडीवर बसवल्यावर वरच्या टोकाला आला पाहिजे. दोन्ही कॅलिपर एकाच बाजूचे निघाले किंवा अदलाबदल करून बसवले, तर निपल खाली जातो, हवा वर अडकून राहते आणि कितीही ऑइल ओतले तरी पेडल मऊच लागते. बोल्ट मात्र व्यवस्थित बसतात, त्यामुळे ही चूक पटकन ध्यानात येत नाही.

दुसरी तपासणी पिस्टनची. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये चौकोनी छेदाचे रबरी सील हे सिलिंडरच्या खाचेत बसलेले असते आणि ते पिस्टनच्या अंगावर घासते. म्हणूनच सिलिंडरच्या भिंतीवर थोडे डाग असले तरी एकवेळ चालते, परंतु पिस्टनच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे किंवा निघालेला क्रोम नको. हेच सील पेडल सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढते. ते कडक झाले, की पॅड डिस्कला घासत राहतो, गाडी एका बाजूला ओढते, चाक तापते आणि पेट्रोलही अधिक लागते. पिस्टनभोवतीचे धूळ अडवणारे रबर करपलेले किंवा फाटलेले असेल, तर आतही गंज असणार, असे धरून चालावे. सरकत्या कॅलिपरच्या पिना बोटाने सरकल्या पाहिजेत. निपल उघडून बघावा. गंजून जाम झालेला निपल पान्याने मोडला, तर तो काढण्याचे काम जिकिरीचे असते.

मागच्या चाकाच्या कॅलिपरमध्ये पुष्कळदा हातब्रेकची यंत्रणाही असते. त्यातील पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. घाईने शिकंज्यात दाबलेला असा कॅलिपर आतून मोडलेला असू शकतो आणि बाहेरून ते दिसत नाही. विजेवर चालणारा हातब्रेक असल्यास त्याची मोटरही सोबत तपासावी लागते.

अपघातग्रस्त गाडीतील माल वर्ज्य मानण्याचे कारण नाही. जुन्या बाजारातील चांगला माल बहुधा तेथूनच येतो. मागून ठोकर लागलेल्या गाडीचे पुढचे कॅलिपर उत्तम असू शकतात. मात्र ज्या चाकावर आघात झाला, त्याचा कॅलिपर घेऊ नये. बोल्टच्या कानाजवळील केसासारखी चीर रंगाखाली लपते. पुरात बुडालेल्या गाड्यांबाबत अधिक सावध राहावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्यांचे भाग हळूहळू बाजारात उतरतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात राहिलेला ॲल्युमिनियमचा कॅलिपर आतील खाचांत पांढरी भुकटी धरतो. ती दिसली, तर सौदा मोडावा.

ताजा रंग हीदेखील शंकेची जागा आहे. लाल रंग आणि पांढरी अक्षरे कोणालाही काढता येतात. साध्या कॅलिपरवर अडकवण्याची प्लॅस्टिकची लाल टोपणे तर उघडपणे विकली जातात. नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकलाही आहेत. ब्रेम्बोसारख्या कंपन्या आपल्या खास संचासोबत खरेपणा पडताळण्याचे कार्ड देतात. विक्रेत्याकडे ते आणि मूळ बिल असेल, तर चार पैसे अधिक देण्यास हरकत नाही. सर्वांत स्वस्त जोडीवर झडप घालण्यापेक्षा हा मार्ग बरा.

खऱ्या किमतीचा हिशेब

विक्रेत्याने सांगितलेला आकडा ही केवळ सुरुवात असते. जुना कॅलिपर आहे तसा बसवू नये, हा जाणत्या मिस्त्रींचा पहिला नियम. तो उघडून, धुऊन, दोन्ही बाजूंना नवे सील किट घालावे लागते. सील बसवताना फक्त ताजे ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचे विशेष ग्रीस वापरावे. इंजिन ऑइल, पेट्रोल किंवा साधे ग्रीस लागले, तर रबर फुगते आणि पिस्टन अडकतो. त्यावर नवे पॅड, बहुधा नव्या डिस्क, नव्या रबरी नळ्या, नळीच्या बोल्टाचे तांब्याचे वायसर आणि नवे बोल्ट. डिस्क जुनी मिळाली असेल, तर तिच्या कडेवर कोरलेली किमान जाडी पाहावी. २५ मिलिमीटरच्या डिस्कची मर्यादा साधारणतः २२ मिलिमीटर असते. म्हणजे दिसायला जाड असलेली डिस्क प्रत्यक्षात संपलेली असू शकते.

ऑइलबाबतही कंजुषी नको. डॉट ३ प्रकाराच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा २३० अंश असावा लागतो. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. ओलावा धरल्यावर किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येतात. ऑइल उकळले, की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला टेकते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याची शिफारस त्यासाठीच असते. हा सर्व खर्च मांडल्यावर कित्येकदा असे दिसते, की नव्या संचातील आणि जुन्या जोडीतील अंतर वाटले होते तेवढे उरलेले नाही.

युरोप-अमेरिकेत हा व्यवसाय अधिक शिस्तीत चालतो. तेथे जुना कॅलिपर दुकानात परत केला, की अनामत रक्कम मिळते. कारखाना तो धुऊन, नवे सील आणि आवश्यक तेथे नवा पिस्टन घालून, दाबाची चाचणी घेऊन हमीसह पुन्हा विकतो. आपल्याकडे हे काम बहुतांशी एकट्या मिस्त्रीच्या हातगुणावर सोपवलेले आहे.

माल कोणाचा?

उत्तर प्रदेशातील मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या फोडून सुटे भाग विकण्यासाठी देशभर कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. कॅलिपरवर गाडीचा चेसिस क्रमांक नसतो, त्यामुळे चोरीचा माल ओळखणे कठीण. पण कायदा खरेदीदाराला मोकळे सोडत नाही. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २७ नुसार ज्याची मालकी नाही, अशा विक्रेत्याकडून घेतलेल्या वस्तूची मालकी सामान्यतः खरेदीदाराला मिळत नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असूनही अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून बिल, विक्रेत्याचे ओळखपत्र आणि ज्या गाडीतून माल निघाला तिच्या नोंदणी पुस्तकाची प्रत घ्यावी. गाडी पूर्ण मोडीत निघाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत अथवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत मोडणी केंद्राकडे गाडी दिली, तर मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळते. अशा केंद्रातून बिलासह आलेला माल सर्वांत निर्धोक.

बदलाबाबतही नियम आहेत. ब्रेकसंबंधी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९६ मध्ये आहे आणि मोटारीचे प्रत्येक मॉडेल ब्रेकच्या चाचणीसह मंजूर झालेले असते. पुण्याची एआरएआय ही अशा चाचण्या करणारी प्रमुख संस्था. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद कठोरपणे लावली. मूळ मापाचा कॅलिपर त्याच मापाच्या जुन्या कॅलिपरने बदलणे ही दुरुस्ती होय; दुसऱ्या मोटारीचा मोठा संच बसवणे वेगळे. विमा कंपनीला असा बदल आधी कळवला नाही, तर अपघातानंतर दाव्यावर हरकत येण्यास जागा राहते.

विकणाऱ्यानेही पाळावे

विक्रेत्याच्या बाजूने पाहता प्रामाणिकपणाची किंमत येथे चांगली मिळते. गाडी किती किलोमीटर चालली, शर्यतीच्या धावपट्टीवर नेली होती का, सील केव्हा बदलले, हे सांगून टाकावे. कॅलिपर धुवावा, पण रंगवू नये. रंग न दिलेला माल लवकर विकला जातो. काढताना ऑइल निथळून घ्यावे आणि नळीचे छिद्र रबरी बुचाने बंद करावे, अन्यथा वाटेत धूळ व ओलावा आत जातो. पिस्टन बाहेर काढून पाठवू नये. जोडी मोडून एकेक विकण्याचा मोहही टाळावा : एका आसावर एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला थकलेले सील असले, तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. पार्सल करताना बोल्ट वेगळ्या पिशवीत, डावा-उजवा अशी चिठ्ठी प्रत्येकावर आणि खोक्यात भरपूर भरण. बसच्या डिकीत त्याच्यावर संत्र्यांच्या पेट्या येणार आहेत.

बसवल्यानंतर इंजिन सुरू ठेवून पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेले, तर गळती किंवा हवा आहे. गाडी फाटकाबाहेर काढू नये. त्यानंतर मोकळ्या जागेत कमी वेगात चाचणी, मग ताशी ६० वरून २० पर्यंत काही वेळा वेग कमी करून नवे पॅड डिस्कला बसू द्यावेत. परत आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन उष्णता सारखी आहे का, ते पाहावे. डिस्कला मात्र स्पर्श करू नये. एक चाक अधिक तापले असेल, तर त्या बाजूचा पिस्टन किंवा पिन अडकली आहे.

आणि गाडीचे काढलेले मूळ कॅलिपर लगेच विकायला काढू नयेत. छिद्रे बंद करून, कागदात गुंडाळून ते माळ्यावर ठेवावेत. गाडी विकताना खरेदीदार तेच मागतो; नव्या संचाचे सील मध्येच गळू लागले आणि सुटा भाग यायला आठ दिवस लागणार असतील, तेव्हाही तेच उपयोगी पडतात.